गोलूची शिदोरी किती दिवस पुरेल?

प्रिय बेटा,

तुझी परग्रहावरच्या कादंबरीची वही वाचून झाली. समासात खुणा केल्यात त्या पेन्सिलीने. पटल्या नाहीत तर खोडून टाक.

जमलंय ते आधी सांगते. गोलू जमलाय. चौदा वर्षांचा, कापूस वेचायला नेलं की तोंड पाडणारा, बापाच्या मोबाइलवर रात्री चोरून व्हिडिओ बघणारा, धाकट्या भावाशी एका गोधडीवरून भांडणारा हा पोट्टा मला ओळखीचा वाटला. असे कितीतरी माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरून गेलेत. तो गावात आहे तोवर मी कुठेही पेन्सिल टेकवली नाही.

मग यान येतं आणि गोलू हरवतो. परग्रहावर उतरतो तो कुठल्याशा सिनेमातला मुलगा. त्याला भूक लागत नाही, त्याचे पाय भरून येत नाहीत, परसाकडे कुठे जायचं हा प्रश्न त्याला पडत नाही. जांभळे डोंगर आणि काचेचे मनोरे यांवर तू पानंच्या पानं घातलीस, पण गोलू झोपतो कशावर हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं मुख्य म्हणणं हेच आहे. तो ग्रह वाचकाला गोलूच्या पोटातून, कातडीतून, झोपेतून कळू दे. डोळ्यांचं काम शेवटी.

जेवणापासूनच बघ. तू त्याला तिथलं निळं फळ खायला दिलंस आणि तो टुणटुणीत झाला. खरं तर इथेच तुझी कादंबरी सुरू व्हायला हवी होती. आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, हे तुला बारावीला होतं. त्यातली एक सोडली तर बाकी आम्लांचे दोन प्रकार संभवतात, डाव्या आणि उजव्या पंजासारखे: आरशात सारखे, पण एकावर एक ठेवले तर न जुळणारे. पृथ्वीवरच्या सजीवांनी प्रथिनांसाठी जवळजवळ सगळीकडे डावी आम्लं घेतली आणि साखरा उजव्या. दुसऱ्या ग्रहावर नेमकं उलटं असेल तर? डावं ग्लुकोज प्रयोगशाळेत बनवता येतं. चवीला गोड लागतं, पण आपलं शरीर ते वापरू शकत नाही. म्हणजे गोलूला ते निळं फळ गोड लागेल, पोटही भरेल, आणि तरी तो दिवसेंदिवस वाळत जाईल. यजमानांना कळणारच नाही की हे लेकरू इतकं खातं, मग सुकतंय काहून.

आता आठव्या पानावर ये. आईने त्याला ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून दिलाय. हे तू लिहिलंस आणि विसरून गेलीस! त्या शिदोरीतला प्रत्येक तुकडा आता मोजून खायचा आहे. भाकर पहिल्या दिवशी मऊ, मग चिवट, मग पापडासारखी कडक. ठेचा टिकेल, पण ठेच्यावर माणूस जगत नाही. एक तुकडा त्याने तिथल्या त्या झिराला द्यावा (नाव चांगलं आहे, ठेव), तिने तो खाऊ नये, तपासावा, आणि त्या कोरड्या तुकड्यावरून या पाहुण्याच्या शरीराचा साचा आपल्या उलटा आहे हे तिच्या ध्यानात यावं. दोन जगांची पहिली खरी ओळख मला अशी वाचायला आवडेल. सध्या ती भाषांतर करणाऱ्या टोपीने होते. डोक्यावर घातली की सगळं समजतं, त्यामुळे कुणाला कुणाकडे नीट बघावंच लागत नाही.

पुढे काय, हे तूच ठरव, तरी एक सुचवते. गोलूच्या खिशात वावरातून येताना तोडलेल्या तुरीच्या शेंगा असू शकतात. वाळलेल्या हव्यात, हिरव्या उगवणार नाहीत. वनस्पती हवा, पाणी आणि क्षार यांतून आपली प्रथिनं स्वतः बनवते, त्यामुळे परक्या मातीत उगवलेली तूरही पृथ्वीच्याच साच्याची असेल. मात्र तुरीच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पुरवणारे जिवाणू तिथे नसणार, तेव्हा पीक मरतुकडं येईल. वावरात जायला नको म्हणून पोटदुखीचं सोंग करणारा पोट्टा आता चार रोपांपुढे उकिडवा बसलाय, आणि निंदण कसं करायचं ते आई करताना आपण पाहिलंच नाही हे त्याला आठवतंय. तुझ्या लेझर युद्धाच्या दोन प्रकरणांपेक्षा मला हे एक चालेल. युद्ध मी वाचताना चाळलं, खोटं कशाला सांगू.

आता त्याला नेलं कशाला ते. तू लिहितेस, गोलू ‘निवडलेला’ आहे, विश्वाला त्याची गरज आहे. बेटा, ही निवड वाचून वाचून आता वीट आलाय. शिवाय लोणारचं विवर त्यांच्या पूर्वजांचं यान कोसळून झालं, असंही तू म्हणतेस. लोणार आपल्या जिल्ह्यात आहे, निदान आपण तरी त्याच्याशी असं वागू नये. ते उल्कापाताने झालेलं विवर आहे, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं असल्यामुळे चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. जून २०२० मध्ये त्यातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तू शाळेत असशील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तो रंग खारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. इतक्या खाऱ्या, सोड्यासारख्या पाण्यात सुखाने नांदणारे हे जीव तुझ्या हिरव्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त परके आहेत. मग असं का नसावं की परग्रहवासी त्यांच्यासाठीच आले? माणसांत त्यांना काडीचा रस नाही. तळ्याचं पाणी उचललं आणि काठावर शेळी शोधत फिरणारा गोलू चुकून त्यात गेला. चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू चुकून आलास’ हे ऐकायला कसं वाटेल, ते लिही. त्याला परत पाठवावं की ठेवून घ्यावं, यावर तिथे खल चालू द्या.

ग्रह कुठे आहे तेही बदल. देवयानी दीर्घिका इथून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथून कोणी शेळीवाल्या पोराला न्यायला येत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडला, त्याचं वर्ष साधारण ११.२ दिवसांचं. म्हणजे तिथल्या हिशेबाने आपला गोलू साडेचारशेच्या वर वर्षांचा! ‘तू लहान आहेस, गप्प बस’ हे तिथे त्याला कुणी म्हणू शकणार नाही. यात गंमतही आहे आणि गोंधळही. ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्याने त्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी आहे. एकीकडे कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र. सूर्य मावळतच नाही तिथे गोलू झोपणार कधी? मृग नाही, पोळा नाही, उन्हाळ्याच्या सुट्ट्या नाहीत. त्याला दिवस मोजायला काहीतरी शोधावं लागेल, आणि त्याच्याजवळ मोजण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत: भाकरी आणि झोपा.

आणि तो आईशी हवेतल्या चित्रातून गप्पा मारतो ते प्रकरण काढून टाक. तिथून ‘हॅलो’ पोचायला सव्वाचार वर्षं, तिचं ‘हाव, बोल’ यायला आणखी सव्वाचार. यान प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलं असं धर, हा फार चांगला वेग आहे कादंबरीसाठी. इतक्या वेगात यानातला वेळ सावकाश सरतो: पृथ्वीवर सव्वाचार वर्षं उलटतील, यानात सातेक महिने. जाऊन, वर्षभर राहून, परत आला तर गोलू सोळाचा झालेला असेल. गोधडीवरून भांडणारा अकरा वर्षांचा भाऊ मात्र विशीत. त्याच्यापेक्षा मोठा, कदाचित वावर सांभाळणारा, मिशा फुटलेला. तू शेवटी सगळ्या गावाला बँड लावून स्वागताला उभं केलंस. मला त्या दोघा भावांना एका खोलीत बघायचंय. कुणी कुणाला दादा म्हणायचं?

एका गोष्टीवर मी सौम्य बोलणार नाही. तुझे परग्रहवासी डोक्याला पिसं लावतात, शेकोटीभोवती नाचतात आणि गोलूच्या टॉर्चला देव मानतात. हे चित्र तू परग्रहावरून आणलेलं नाही. मेळघाटातल्या कोरकूंना, भामरागडच्या माडियांना लांबून बघणाऱ्यांच्या डोक्यातलं आहे ते. तुझ्याच वर्गात तिकडची मुलं असतील. ही वही त्यांच्या हातात देताना तुला कसं वाटेल, एवढं बघ आणि ती सहा पानं काढ. इतक्या लांबून यान चालवत आलेल्यांना टॉर्चचं कौतुक कशाला असेल, हे तर वेगळंच.

बोलण्याबद्दल. गावात गोलू ‘मले’, ‘तुले’ म्हणतो आणि अंतराळात गेल्यावर वृत्तनिवेदकासारखा बोलायला लागतो. तुला वाटलं असेल, वऱ्हाडी तिथे हास्यास्पद वाटेल. नाही वाटत. ‘काहून बे, तुमच्या इकडे रातच नाही होत काय?’ हे वाक्य मी तुझ्या एकशेदहाव्या पानाच्या समासात लिहून ठेवलंय, तुझं वाक्य शेजारी ठेवून मोठ्याने वाच. तसंही १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही. त्यातलं एक यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलं. मराठी केव्हाच बाहेर पडली आहे. वऱ्हाडीला कुणी अडवलंय?

टोपणनाव घेऊ का, असं तू विचारलंस. घे हवं तर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. बक्षीस मिळालं. तुझं कारण मात्र ‘घरचे हसतील’ असं आहे. त्यासाठी नाव बदलून भागणार नाही, अक्षर ओळखतील.

वही तुझ्या काकांबरोबर बाजाराच्या दिवशी पाठवते. आधी शिदोरीचं प्रकरण नव्याने लिही, बाकीचं नंतर. आणि एक विचारायचं राहिलं. गावात गोलूला चष्मा आहे, दांडीला दोरा बांधलेला. यानात चढल्यानंतर तो एकदाही दिसत नाही. कुठे पडला? तळ्यात पडला असेल तर पुढचं सगळं त्याला अंधूक दिसलं पाहिजे, आणि ते जांभळे डोंगर कुणी पाहिले हे तुला सांगावं लागेल.

तुझी,
मॅडम