रिपोर्ट नॉर्मल, मग खांदा दुखतो कशाने?

"एक्स-रेत काही निघालं नाही आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं. म्हणजे माझं दुखणं मनाचंच का?" माझ्यासारख्या समुपदेशकाला हे विचारणारी माणसं आधीच दुखावलेली असतात. घरात कुणीतरी 'नाटकं' म्हणून मोकळं झालेलं असतं.

अशाच एक ताई धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मानेपासून डाव्या खांद्यापर्यंत ठणका, संध्याकाळी तोच कानामागून कपाळाच्या कडेला चढायचा. डावी बाजू म्हणून डॉक्टरांनी ईसीजीही काढला होता, आणि ते योग्यच होतं. मणक्यात गॅप असेल ही धास्ती वेगळी. "मना खांदा दुखस, पन कोनी खरं मानत नही," एवढं बोलून त्यांचे डोळे भरले.

मी त्यांना सांगितलं, दुखणं खरं आहे. एक्स-रे हाडं दाखवतो, आखडलेला स्नायू त्यात दिसत नाही. कवटीच्या मागून निघून पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत उतरणारा आणि दोन्हीकडे खांद्यांपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा मोठा स्नायू आहे. वरचा भाग खांदा उचलतो, मधला खांद्याची पाती (पाठीवरची चपटी हाडं) मागे ओढतो, खालचा त्यांना खाली आणतो. फळीवरचा डबा काढायला हात वर केला, की हाच पात्याला फिरवतो. प्रौढ माणसाचं डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं. ते तासन्‌तास वहीवर झुकलं, की मानेचे इतर स्नायू आणि हा, सगळेच ताणून धरतात.

मग मी त्यांना दिवसभराची नोंद ठेवायला सांगितली: खांदा कधी भरून येतो, त्या वेळी काय चाललं होतं. मला वाटलं होतं, वहीचं काम सापडेल. सापडला फोन. हंगामात शेतकऱ्यांचे पट्टीच्या, म्हणजे विकलेल्या कापसाच्या, पैशांसाठी सारखे फोन. ताई मोबाईल डाव्या खांद्यात आणि कानात दाबून धरायच्या, उजव्या हाताने काटा-पावत्या लिहायच्या. पैसे मालक थांबवणार, बोलणी ताई खाणार. माझ्यासमोर नुसतं त्या फोनांबद्दल बोलतानाही त्यांचे खांदे कानांकडे सरकले, श्वास अडला. काळजीत खांदे उचलले जातात, आणि उचलून धरणं हे स्नायूचं कामच आहे. असा स्नायू दिवसभर कामावर राहिला तर दुखणारच.

इअरफोन आले. कोपराला टेकू मिळाला. फोन ठेवला की एक लांब उच्छ्वास आणि खांदे सैल. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकल्या. सगळ्यात अवघड गेलं ते मालकांना सांगणं, की पैशांच्या तारखा तुम्हीच कळवा. ती वाक्यं आम्ही इथे पुन्हा पुन्हा बोलून बघितली.

ठणका हळूहळू उतरला. ऐन हंगामात अजून डोकं वर काढतो. हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, ताप येऊन मान ताठणं, छातीत दाब, धाप, घाम यांतलं काही झालं तर थेट डॉक्टर गाठायचे, हे मी त्यांना लिहून दिलं आहे.

एकदा सासूबाईंनाही बोलावलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग मी शेकते ते चुकीचं का?"

"अजिबात नाही, आजी. शेका. फक्त फार गरम नको, आणि नंतरचा व्यायाम तिला करू द्या."