पातेलं कोण धरणार?

“ताई, माझं वय ६६. विक्रोळीला राहतो. कारखान्यात टूलरूमला होतो, आता निवृत्त. माझ्याकडे १९९७ ची मारुती ओम्नी आहे. १९९९ च्या दिवाळीत मागच्या सीटा काढून मी स्वतःच्या हाताने तिच्यात फळ्यांचा पलंग केला, खाली सामानाचे कप्पे, दाराशी पाच किलोचा गॅस. मग पंधरा वर्षं दर मे महिन्यात कोकण. गुहागरला समुद्राकाठी सौ.ने केलेले घावन अजून जिभेवर आहेत. पहाटे माझा डोळा उघडायच्या आत तिचा चहा तयार. कशेडी घाटात ती मागे आमटीचं पातेलं मांडीत धरून बसायची, थेंब सांडू दिला नाही कधी! मुलगा पुढे माझ्याशेजारी. लॉकडाऊनपासून गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली उभी आहे. पासिंग २०२२ ला संपलं. गॅरेजवाला सगळं करून द्यायचे २,६०,००० सांगतो. मुलगा म्हणतो, तेवढ्यात सेकंडहँड वॅगनार येईल. भंगारवाला २०,००० देतोय. सौ. म्हणते, देऊन टाका एकदाची. मला झोप लागत नाही. एफडी मोडू का? ता. क. : सौ.चे गुडघे दुखतात, पण त्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणतोय.”

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पत्रात वहिनी पाच वेळा येतात. एकदा तव्यापाशी, एकदा चहापाशी, एकदा पातेलं मांडीत घेऊन. चौथ्यांदा त्या म्हणतात, देऊन टाका. आणि पाचव्यांदा, सही झाल्यावर, त्यांचे गुडघे येतात. आणि तुम्ही मला विचारता, एफडी मोडू का!

पैशाचं बोलूच. पण आधी त्या पातेल्याचं बोलू.

विक्रोळी ते गुहागर म्हणजे तेव्हाच्या रस्त्याने अख्खा दिवस. पेण, माणगाव, पोलादपूर, मग कशेडी. तुम्ही सीटवर, मुलगा सीटवर, आणि वहिनी मागे फळीवर. त्या फळीला पाठ टेकायला काही होतं का? धरायला काही होतं का? तुम्ही टूलरूमचे माणूस, कप्प्यांची मापं सुतासुतात घेतली असतील. पण फळीवर आडवं बसून घाटातली वळणं कशी लागतात, हे तुम्ही स्वतः एकदा तरी बसून बघितलंत का? मे महिन्यात ओम्नीत पुढे बसणाऱ्याचं बूड भाजतं, कारण इंजिन सीटखालीच. तुम्हाला तेवढं आठवत असेल. मागच्या माणसाच्या मांडीत आमटी होती.

तुम्ही ज्याला सुट्टी म्हणता, त्यात वहिनींचं स्वयंपाकघर फक्त चाकांवर गेलं. मी हे तुम्हाला टोचायला म्हणत नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेक सहली अशाच झाल्या, आणि बायकांनीही त्यांचे फोटो हौसेने अल्बमात लावले. माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. एकोणीस वर्षं. ती विकली त्या संध्याकाळी घरात सुतक असल्यासारखं वातावरण, आणि आई शांतपणे म्हणाली, “मला त्या गाडीत पेट्रोलच्या वासाने कायम मळमळायचं.” एकोणीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळं शहर हळहळत होतं. आईने चॅनल बदललं.

तेव्हा वहिनींचं “देऊन टाका” हे दोन लाख साठ हजारांबद्दल आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. असेलही. मला मात्र ते फळीबद्दल वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. गाडी करावी का? माझं मत : करावी. मुलाचा वॅगनारचा हिशेब बरोबर आहे, पण गैरलागू आहे. वॅगनार घ्यायची असती तर तुम्ही मला पत्र कशाला लिहिलं असतं! माणूस लग्नात एका संध्याकाळच्या मांडवावर याहून जास्त उडवतो आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. फक्त एक मनाशी पक्कं करा. हे पैसे परत येणार नाहीत. गाडी कितीही चकचकीत केलीत तरी विमा कंपनी तिची किंमत जुन्या गाडीचीच धरणार. उद्या झाड पडलं तर २,६०,००० ची पावती दाखवून काही होत नाही. गुंतवणूक हा शब्द या गाडीच्या आसपास येऊ देऊ नका.

आणि ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याला सगळं देऊ नका. माझा भाचा गाड्यांच्या धंद्यात आहे, त्याला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं (नावगाव वगळून). तो म्हणाला, इंजिनाची काळजी सोडा, पत्रा बघा. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन म्हणजे मारुती ८०० चंच भावंड. सुटे भाग नवे मिळतात, जुने तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ढिगाने. पण ओम्नीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ सडला तर गाडीचा कणाच गेला. आणि मुंबईत खारी हवा, वर पावसाळे, त्यात तुम्ही ताडपत्री घातलेली. ताडपत्रीने पाऊस अडतो, पण आतली दमट हवाही बाहेर जात नाही. पुढची मॅटिंग उचलून बघा, काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथे साचतं. सरकत्या दाराची खालची पट्टी आणि चाकांवरच्या कमानी हीसुद्धा सडायची ठरलेली ठिकाणं. फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घालून जा आणि पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. गॅरेजवाल्याने हे आधी दाखवलं नसेल तर दुसरा गॅरेजवाला शोधा.

म्हणजे क्रम असा लागतो : तळाचा पत्रा कापून नवा जोडणं, मग ब्रेक, मग टायर. नक्षी शाबूत दिसली तरी इतकी वर्षं एका जागी उभे राहिलेले टायर टाकायचेच. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकी धुऊन घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि तुमच्या गाडीचे रबरी पाइप, कार्बोरेटरचे वॉशर या पेट्रोलच्या जमान्याचे नाहीत. ते सगळे बदला, पेट्रोल गळून इंजिनावर पडलं तर ते तुमच्याच सीटखाली पडेल. रंग शेवटी. रंग नाही झाला तरी चालेल. भाचा म्हणतो, अशा बिलात रंग आणि फिनिशिंगच बराच मोठा आकडा खातं, आणि गुहागरच्या समुद्राला तुमचा रंग बघायचा नाहीये.

कागदांचं मात्र पुढे ढकलू नका. पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर मुंबईत सरसकट बंदी नाही. दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी वाढवून घेता येते, पर्यावरण कर भरून. पण वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवायची फी २०२५ पासून १०,००० झाली आहे, आणि मुदत उलटल्यापासून दर महिन्याला ५०० वेगळे. २०२२ पासूनचे महिने तुम्हीच मोजा. गॅरेजवाल्याच्या कागदावर हा आकडा नाही, मी पैज लावते. त्याला एक पैसा देण्याआधी आरटीओत जाऊन एकूण किती भरायचे ते लेखी विचारून या. एजंटाकडून नव्हे, स्वतः. तुम्हाला वेळ आहे.

आणि त्या मागच्या सीटा कुठे आहेत? माळ्यावर असतील तर तुमचं नशीब. आरसी बुकात जितकी माणसं लिहिली आहेत तितक्या सीटा तपासणीला लागतात, आणि परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. १९९९ ला कोणी विचारलं नाही, आता विचारतील. पलंग करायचाच तर सुट्टा करा, उचलून बाहेर ठेवता येईल असा. त्या पाच किलोच्या गॅसबद्दल मला काही ऐकायचं नाही. पेट्रोलच्या बंद गाडीत, झोपायच्या जागेशेजारी सिलिंडर! इतकी वर्षं काही झालं नाही, ही देवाची कृपा. ती आता परत मागू नका.

आता एफडी. ती दोघांच्या नावावर आहे का? पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही, पण ‘मोडू का’ असं मला विचारताय, याचा अर्थ घरात अजून विचारलेलं नाही. दादा, ता. क. आधी वाचा. गुडघ्यांच्या डॉक्टरची वेळ या आठवड्यात घ्या, मिस्त्रीची नंतर. डॉक्टर काय म्हणतात आणि त्याला किती लागतील हे कळल्यावर उरलेल्यातून गाडीचा आकडा ठरवा. तो मला वाटतं दीड लाखाच्या आतबाहेर बसेल, आणि रंग वगळला तर तेवढ्यात गाडी रस्त्यावर येईल अशी आशा आहे. नाही आली तर रंगाचे, परद्यांचे, म्युझिकचे लाड पुढच्या दिवाळीला. सोसायटीची नोटीस आलीच तर गाडी गॅरेजला आहे हे लेखी कळवा, तोंडी नको.

गुडघ्यांमुळे अजून एक. ओम्नीत पुढे बसायचं तर चाकावरून पाय उचलून चढावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही टूलरूममध्ये आयुष्य काढलंत. पुढच्या डाव्या दाराशी एक मजबूत पायरी आणि धरायला दांडा करा. सुट्टी पायरी, आरटीओला खटकणार नाही अशी. सगळ्या दुरुस्तीत हे काम मी पहिलं करीन. डाव्या दाराशी, कारण आता पुढे वहिनी बसणार आहेत. मुलगा बसायचा ती जागा.

पण त्या बसतील का, हे विचारायचं कसं? “तुला गाडी हवी का” असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. जुना अल्बम काढा, दुपारी, टीव्ही बंद करून, आणि विचारा, “यातली तुला कुठली सहल आवडली होती?” मग गप्प बसा. घावनांची आठवण तुम्ही काढायची नाही. कदाचित त्या एखाद्या अशा जागेचं नाव घेतील जिथे तुम्ही पंधरा मिनिटं थांबला होतात आणि ‘उशीर होतोय’ म्हणून निघाला होतात. कदाचित म्हणतील, एकही नाही. तसं म्हटलं तरी गाडी करायला माझी हरकत नाही, फक्त मग ती तुमची एकट्याची गाडी म्हणून करा. तुमच्या वाट्याच्या पैशातून, एखाद्या मित्राला शेजारी बसवून, आणि घावन स्वतः शिकून. ‘आपली गाडी’ म्हणून वहिनींच्या गळ्यात पुन्हा घालू नका.

आणि त्या हो म्हणाल्या, तर पहिल्याच फेरीला कशेडी नको. नव्या पत्र्याची आणि जुन्या इंजिनाची ओळख जवळच होऊ द्या. पाऊस नसताना भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवा, तासाभरात मांडवा. बोटीवर तुम्हीसुद्धा प्रवासी, त्याही प्रवासी. पातेलं, पोळपाट, चहाची साखर, सगळं विक्रोळीला राहू द्या. अलिबागच्या वाटेवर खाणावळी आहेत. कुठल्या खाणावळीशी थांबायचं, ते पुढच्या सीटवरून सांगतील तिथे ब्रेक लावा.

तुमची,
ताई