आधी ती पट्टी सोड

«ताई, मी २२ वर्षांचा आहे. कागदोपत्री मुलगी, म्हणून पुण्यात मुलींच्या होस्टेलवर राहतो. रोज सकाळी ७ वाजता मेडिकलमधून आणलेलं क्रेप बँडेज छातीला गुंडाळतो. खोलीत आणखी दोघी असतात, त्यामुळे रात्रीही काढत नाही. गेले काही दिवस खोल श्वास घेतला की उजव्या बरगडीत चमक भरते, छातीखाली लाल चट्टे उठलेत. मे महिन्यात मामेभावाचं लग्न आहे. मी कुर्ता घालणार, हे आईला कसंबसं पटवलंय. त्या दिवशी छाती सपाट दिसायलाच हवी. दुखलं तरी चालेल. हे शरीर माझं वाटतच नाही, त्याचं काय झालं तरी काय. – सांगलीचा एक वाचक»

बाळा, दुखलं तर चालणार नाही. बाकीचं पुढे वाच, आधी ती पट्टी सोड.

क्रेप बँडेज मुरगळलेल्या घोट्यासाठी असतं, सूज दाबून धरायला. छाती दर श्वासाला फुलते, त्यामुळे तिच्याभोवती ते सरकत, गोळा होत एकाच जागी काचत राहतं. फुप्फुसं पुरती भरत नाहीत, बरगड्यांना मार बसतो, कधी त्यांना तडाही जातो. चिकटपट्टीचंही तेच, शिवाय ती काढताना कातडी सोलून येते. तुझी चमक पट्टी सोडल्यावरही राहिली तर दुसऱ्या दिवसावर न ढकलता डॉक्टरांकडे जा. सगळी जीवनकहाणी सांगायची गरज नाही. ‘मी छातीला रोज घट्ट पट्टी बांधतो, आता श्वास घेताना दुखतं,’ एवढं पुरे. दम लागला किंवा चक्कर आली, तर थेट इस्पितळ गाठ.

चट्ट्यांबद्दल कळकळीने सांगते. घाम आणि घर्षण एकत्र आलं की गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आपल्याकडे दुकानात नुसतं ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात पडतं. चार दिवस बरं वाटतं, मग तेच दुखणं दुप्पट पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच औषध घे आणि चट्टे जाईपर्यंत काहीही आवळू नकोस.

ते बरं झाल्यावर बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून मुद्दाम शिवलेला घट्ट बनियनसारखा कपडा, वापरता येईल. त्याचं कापड पुढून ताठ असतं, दाब सारखा पसरतो. छातीचा सगळ्यांत भरलेला भाग टेपने मोज, श्वास रोखून नव्हे, सहज उभा राहून. दोन मापांच्या मध्ये आलास तर मोठं माप घे. अधिक सपाट दिसावं म्हणून लहान माप घेणं किंवा एकावर एक दोन घालणं, हे दोन्ही मोह टाळ. घातल्यावर आत हात घालून छाती दोन्हीकडे काखेच्या दिशेने आणि किंचित खाली सार. वर उचलून मध्ये दाबली की उलट फुगवटा दिसतो. मग खाली बस, हात डोक्यावर ने, पोटभर श्वास घे, मोठ्याने हस. यातलं एकही अडलं तर ते तुझ्या मापाचं नाही.

सुरुवातीला एक-दोन तास, आणि सवय झाल्यावरही ८ तासांच्या वर नाही. आपल्या उन्हाळ्यात मी त्याहून कमीच सांगेन. झोपताना, पळताना, जिममध्ये अजिबात नाही. सांगलीला जाणाऱ्या रात्रीच्या एसटीतही नाही. आठवड्यातून काही दिवस छातीला पूर्ण सुट्टी दे. २०१६ साली छाती बांधणाऱ्या १८०० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ९७ टक्क्यांहून अधिक लोकांनी काही ना काही त्रास सांगितला होता, आणि जे सुट्टीचे दिवस पाळत होते त्यांचा त्रास कमी होता. बांधल्यामुळे मन हलकं होतं, बाहेर वावरायचं धाडस येतं, असंही त्याच लोकांनी सांगितलं. म्हणून मी तुला ‘सोडूनच दे’ म्हणणार नाही. जपून कर म्हणते.

बाइंडर महाग वाटला, किंवा होस्टेलवर पार्सल येण्याची धास्ती असली, तर तुझ्या मापाची जाड कापडाची स्पोर्ट्स ब्रा घे. ती दोरीवर वाळत घातली तरी कुणी काही विचारणार नाही. त्यावर सुती बनियन आणि थोडा सैल, गडद किंवा चौकड्यांचा शर्ट घाल. खोलीत रात्री जाड कापडाचा गडद टी-शर्ट पुरतो. आणि पोक काढून चालत असशील तर ते थांबव. वाकल्यावर कापड पुढे लोंबतं, लक्ष तिकडेच जातं, पाठ दुखते ती वेगळीच.

आता लग्न. सपाट दिसण्याचं निम्मं काम शिंप्याकडून करून घे. पातळ रेशमी कुर्ता अंगाला चिकटतो, तो नको. खादी किंवा जाड सुती घे, आणि वर अस्तर लावलेलं बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटाच्या पुढच्या भागात कॅनव्हास घालायला सांग, तो अंगाचा आकार बाहेर येऊ देत नाही. ‘खांद्याला बरोबर, छातीला ढिलं’ एवढंच शिंप्याला सांगायचं, कारण द्यायची गरज नाही. एवढ्यावर नुसती स्पोर्ट्स ब्राही पुरेल, आधी घरी घालून आरशात बघ. बाइंडर हवाच असेल तर मुहूर्ताच्या तासभर आधी घाल आणि पंगत उठली की काढ. कार्यालयात रात्री सगळ्यांसोबत सतरंजीवर झोपायची वेळ आली तर सैल टी-शर्ट आणि पांघरूण, दुसरं काही नाही. मधेच कोंडल्यासारखं झालं, बोटांना मुंग्या आल्या, तर मंगलाष्टकं चालू असली तरी उठून काढून ये.

पत्रात तू लिहिलंयस, ‘हे शरीर माझं वाटतच नाही, त्याचं काय झालं तरी काय.’ या ओळीवर मी बराच वेळ थांबले. पुढे कधी तू छातीची शस्त्रक्रिया करायची ठरवलीस, तर भूल झेलायला धडधाकट फुप्फुसं आणि टाके भरून यायला निरोगी त्वचा याच शरीराची लागेल. सध्या मात्र हे सगळं तू एकटा वाहतोयस, ते बरं नाही. पुण्यात समपथिक ट्रस्ट आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट आपल्यासारख्यांसोबत अनेक वर्षं काम करत आहेत. तिथे तुझ्या वाटेवरून गेलेली माणसं भेटतील. रात्री-अपरात्री फार जड झालं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आईने कुर्त्याला होकार दिला आहे. लग्नाआधी शिंप्याकडे जाताना तिला सोबत ने.