शेवाळ दिसलं की आधी दिव्याकडे बघा

पाणझाडं लावलेल्या नवीन मत्स्यटाकीत (अ‍ॅक्वेरियममध्ये) शेवाळ आलं म्हणून घाबरू नका, लगेच औषधही ओतू नका. आधी दिवा किती तास चालू असतो ते बघा. सुरुवातीला ६ ते ८ तास पुरे, टायमरच लावा. प्रकाश वाढवला की झाडांची कार्बन डायऑक्साइड आणि खताची भूकही वाढते. ती भागली नाही की वाढ खुंटते आणि जुन्या पानांच्या कडेला शेवाळाची काळपट झालर धरते. माझ्या अनुबियास या पाणझाडाचं नेमकं हेच झालं होतं, ते थेट दिव्याखाली होतं. अशी पानं सरळ कापून टाका. व्हॅलिस्नेरियासारखी भराभर वाढणारी झाडं पहिल्या दिवसापासून दाट लावा. आणि टाकीवर खिडकीतलं ऊन येत असेल तर जागा बदला, पण पाणी उपसून मगच उचला.