साज कपाटातच राहू द्या

कोल्हापूरच्या शाहूपुरीत मोटर-पंपाच्या सुट्या भागांचे दुकान असलेल्या एका वाचकांचे पत्र आहे. वय ५१. मुलगी वीस वर्षांची, टीवायबीकॉमला. मुलगा दहावीला. दुकानातून महिन्याला सरासरी ७५ हजार सुटतात, घराच्या कर्जाचे अजून १४ लाख फिटायचे आहेत. पत्राचा मुख्य भाग असा :

‘‘मुलीला नोव्हेंबरात कॅट (आयआयएमसारख्या संस्थांची एमबीए प्रवेश परीक्षा) द्यायची आहे. राजारामपुरीतल्या क्लासची फी ४५ हजार, पण एका बॅचला साठ-सत्तर पोरं. ओळखीतून एक खासगी सर मिळालेत. घरी येऊन एकटीला शिकवणार, ६० तास, दीड लाख, सगळे आधी भरायचे. ९९ टक्क्यांची गॅरंटी देतात. क्लास लावू की सर? पैशाची सोय आहे, मंडळींचा सोन्याचा साज आणि पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या की दीड लाख मिळतात. पुढच्या फीची काळजी नाही. तिच्या शिक्षणासाठी सहा लाखांची एफडी होती, ती बँकेतल्या साहेबांच्या सल्ल्याने मोडून मे अखेरीस शिक्षणाची गॅरंटीड योजना घेतली. वर्षाला दोन लाख, दहा वर्षे भरायचे. पंधरा वर्षांनी ३१ लाख मिळणार, लेखी आहे. दोन लाख भरले, बाकीचे चार लाख पुढच्या दोन हप्त्यांसाठी सेव्हिंगला ठेवलेत. तरी सरांचे काय करावे ते सांगा.’’

दादा, सरांचे सांगतो. पण तुमचे पत्र २५ जूनला वाचले आणि उत्तर छापून येईपर्यंत थांबायची सोय नव्हती, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. सरांबद्दल एक शब्दही न विचारता मी ‘पॉलिसीचे कागद कधी आले?’ हे विचारले, तेव्हा तुम्ही जरा चमकलात. बाकीच्या वाचकांना कारण कळावे म्हणून ते इथे लिहितो.

मुलगी आज वीस वर्षांची आहे. एमबीएला प्रवेश मिळाला तर पुढच्या जूनमध्ये पैसे लागतील. तुमची ‘शिक्षणाची योजना’ ही खरे तर आयुर्विमा पॉलिसी आहे आणि ती पैसे देणार पंधरा वर्षांनी, म्हणजे ती पस्तीस वर्षांची झाल्यावर. तेव्हा कदाचित तिच्याच पोरांच्या शाळेची फी भरायची वेळ आली असेल. बारा महिन्यांनी लागणारे पैसे पंधरा वर्षांसाठी कोंडले, आणि ज्यांनी ते कोंडायला लावले त्यांना तुमच्या मुलीचे वय माहीत होते. फॉर्मवर त्यांनीच लिहिले असणार.

आता गॅरंटीचा हिशेब. दहा वर्षांत २० लाख भरायचे, मग पाच वर्षे नुसते बघत बसायचे आणि ३१ लाख घ्यायचे. ऐकायला दीडपट, भारी वाटते. व्याजाच्या भाषेत हे वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास पडते. हेच हप्ते सात टक्क्यांनी वाढले तर त्याच मुदतीत ४१ लाख होतात. करमुक्त आहे म्हणाल, तर पीपीएफही करमुक्त आहे, सरकारची हमी आहे आणि आज ७.१ टक्के देते. फक्त वर्षाला दीड लाखावर घेत नाही. लेखी आहे हे खरे. सव्वाचार टक्केही लेखीच आहेत, फक्त टक्क्यांत लिहिलेले नाहीत.

याच्या शेजारी साज ठेवून बघा. पतसंस्था सोनेतारणावर बारा टक्के घेते असे तुम्हीच फोनवर सांगितलेत. दीड लाखावर महिन्याला दीड हजार व्याज. आणि त्याच घरात चार लाख सेव्हिंगला अडीच-पावणेतीन टक्क्यांवर पडून आहेत, कशासाठी, तर सव्वाचार टक्के देणाऱ्या योजनेचे पुढचे हप्ते भरायला! दुकानात असा व्यवहार कुणी सुचवला असता तर तुम्ही त्याला पायरी चढू दिली नसती. बँकेत एसी असतो, साहेब टाय लावून चहा मागवतात, तिथे आपली व्यापारी बुद्धी बाहेर चपलांपाशी राहते. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच दुकानदारांत एकाची गोष्ट हीच असते, म्हणून जरा चिडून लिहितोय.

या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची निघाली. आयुर्विमा पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत, ‘मला ही नको’ म्हणून परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. जेवढे दिवस विम्याचे संरक्षण मिळाले तेवढ्याचा आकार, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकीचा हप्ता परत मिळतो. म्हणजे दोन लाखांतले थोडेसे सोडून सगळे. हे बँकेतल्या साहेबांनी सांगितले नव्हते. ‘कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा’ एवढे मात्र आठवणीने सांगितले होते.

तुम्ही म्हणालात, पॉलिसी टपालाने ११ जूनला आली, म्हणजे वेळ आहे. मी ई-मेल बघायला लावला. तिथे पीडीएफ २ जूनलाच येऊन पडली होती, उघडलीही नव्हती. कंपनी दिवस मोजणार ते ई-मेलपासून, हे धरून चालायचे. म्हणजे हातात जेमतेम आठवडा. पेपर छापून येईपर्यंत थांबलो असतो तर दोन लाख अडकले असते.

पुढे काय झाले तेही सांगतो, कारण बँकेत हे प्रत्येकाच्या वाट्याला येते. तुम्ही अर्ज घेऊन गेलात तेव्हा साहेब म्हणाले, ‘आत्ता रद्द केलीत तर सगळे पैसे जातील, एक वर्ष चालवा, मग बघू.’ हे बरोबर उलटे आहे. मुदतीत रद्द केली तर जवळजवळ सगळे परत मिळतात, आणि वर्षभर चालवून सोडली तर पहिल्या हप्त्यातला बराच भाग जातो. साहेबांना हे ठाऊक नसेल असे मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही विमा कंपनीच्या शाखेत थेट गेलात, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक आणि अर्ज दिला, अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतलात आणि तोच अर्ज कंपनीला ई-मेलही केलात. शिक्का २७ जूनचा आहे. तो जपा. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल, आणि तरीही नाहीच तर पुण्याचे विमा लोकपाल. लोकपालांकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आता सर.

पहिली दुरुस्ती : ९९ टक्के नव्हे, ९९ पर्सेंटाइल. कॅटला अलीकडे अडीच-तीन लाख मुले बसतात. ९९ पर्सेंटाइल म्हणजे त्यात पहिल्या तीनेक हजारांत येणे. मार्क म्हणाल तर अलीकडच्या पेपरांत ते निम्म्याहून कमी मार्कांनाही मिळाले आहे. म्हणजे तुमच्या मुलीचा निकाल बाकीच्या अडीच-तीन लाख मुलांवर ठरतो आणि ती मुले सरांची शिकवणी लावत नाहीत. याची गॅरंटी कोण कशी देणार? ‘गॅरंटी’ म्हणजे नेमके काय परत देणार, किती दिवसांत, कोणत्या अटींवर, हे लेखी मागा. अटी आल्या की गॅरंटी पातळ होते. एवढी हजेरी, इतके मॉक (सराव परीक्षा), अमुक गृहपाठ, त्यातले एक चुकले की पैसे त्यांचे. एका पत्रात दोन गॅरंट्या सापडल्या, दोन्हींत पैसे आधी भरायचे होते.

दुसरे, तासाचा भाव काढा. दीड लाख भागिले साठ म्हणजे तासाला अडीच हजार. एवढ्या भावात कशाची शिकवणी? कॅटचे तीन भाग असतात : इंग्रजी वाचन-आकलन, डेटा आणि लॉजिकचे प्रश्न, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटे, आणि एका भागातली वाचलेली वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला तीन मार्क, पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर एक वजा. भागनिहाय कटऑफही असतो, त्यामुळे एका भागात झोपलेली मुलगी बाकी दोन्हींत कितीही पळाली तरी उपयोग होत नाही. तुमच्या पत्रात ती कोणत्या भागात कच्ची आहे हेच नाही. तिचे एक वाक्यही नाही. साज कुठे ठेवायचा हे ठरले, पण पोरीला काय अडते हे कुणी विचारलेले दिसत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी एक रविवार द्या. कॅटची मॉक टेस्ट ऑनलाइन फुकट मिळते. दोन तास, दार लावून, फोन तुमच्याकडे ठेवून. कॉमर्सच्या मुलांना बहुतेक वेळा इंग्रजीत बरे मिळतात आणि गणिताच्या भागात दम लागतो, पण तुमची मुलगी उलटीही निघेल. जो भाग कच्चा, त्याच्यासाठीच सर. साठ तासांची गरज मला दिसत नाही. तीस तास, तासाला हजाराच्या आसपास, पैसे महिन्याच्या महिन्याला. बाकीच्याला ऑनलाइन कोर्स आणि मॉकची मालिका, वीस हजारांच्या आत होते. एकूण पन्नास हजार. हे सेव्हिंगच्या चार लाखांतून द्या आणि साज कपाटातच राहू द्या.

सर निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स बघू नका. दोन तास शिकवायला लावा, त्याचे पैसे द्या, आणि एकच बघा : मुलीचा चुकलेला पेपर ते हातात घेतात की स्वतःचे ठरलेले प्रकरण सुरू करतात? ‘हा प्रश्न का घेतलास, सोडायला हवा होता’ असे म्हणणारा मास्तर मिळाला तर हजाराचे बाराशे द्या. स्वतः कॅट कधी दिली, किती पडले, हे विचारायला लाजू नका. दुकानात पंप घेताना बिल आणि वॉरंटी मागतो तसेच हे. आणि साठ-सत्तरच्या बॅचमध्येही काही मुले छान शिकतात, त्यांना चार मुलांबरोबर ठरलेल्या वेळी बसायची सवय उपयोगी पडते. तुमची लेक तशी असेल तर क्लास लावा, मला हरकत नाही. हे तिने ठरवायचे.

राज्याची एमबीए सीईटीही द्यायला लावा. ती वेगळी परीक्षा आहे : २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तिथे वेग लागतो. मुंबईची जमनालाल बजाज ही एमबीएची संस्था याच वाटेने मिळते, आणि खर्च आयआयएमच्या जवळपासही जात नाही.

‘आयआयएम झाले की पॅकेज तीस लाख, सगळे वसूल’ असेही तुम्ही फोनवर म्हणालात. पॅकेजचे आकडे पेपरात सगळ्यात मोठ्याचे येतात, बाकीच्यांचे येत नाहीत. तरी प्रवेश मिळालाच तर फीची धास्ती नको. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी आज पंचवीस लाखांच्या घरात आहे आणि ती साठवलेल्या पैशातून फार थोडे लोक भरतात. अशा संस्थांसाठी बँका विनातारण शैक्षणिक कर्ज देतात, पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेतही निवडक संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. वीस लाख, साडेनऊ टक्के, दहा वर्षे धरले तर महिन्याला २६ हजारांच्या आसपास हप्ता. आयआयएममधून बाहेर पडलेल्या मुलीला तो झेपतो. तुमचे काम परत आलेले दोन लाख आणि उरलेले साडेतीन लाख शाबूत ठेवायचे. एक वर्षाची एफडी करा, त्यातून अर्ज, मुलाखतीचे प्रवास, लॅपटॉप आणि पहिले काही महिने निघतील.

भीती वेगळीच आहे. कॅटमध्ये सत्तर-पंचाहत्तर पर्सेंटाइल पडले की जानेवारीपासून पुण्याच्या-बंगळुरूच्या खासगी कॉलेजांचे फोन सुरू होतील. बारा-चौदा लाख फी, चकचकीत ब्रोशर. तिथून महिना चाळीस हजारांची नोकरी लागली तर १८ हजार हप्त्यात जातील. तेव्हा पुन्हा साज काढायची वेळ येईल. त्यापेक्षा शिवाजी विद्यापीठात, घरचे जेवून एमबीए करणे मला परवडणारे वाटते. किंवा दोन वर्षे नोकरी करून पुन्हा कॅट द्यायची.

राहिले तुमचे. घराचे कर्ज १४ लाख, मुलगा दहावीला, आणि पॉलिसी रद्द झाल्यावर तुमच्या नावावर जुने तीन लाखांचे विमा संरक्षण उरते. रद्द केलेल्या योजनेत वर्षाला दोन लाख भरून साधारण वीस लाखांचे संरक्षण होते. पन्नास लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा), वयाच्या एकसष्टीपर्यंत, वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसेल. बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लिहा, लपवू नका. परत काहीच मिळत नाही म्हणून मंडळी नाक मुरडतील. मुरडू द्या.

शिक्का मारलेल्या अर्जाची एक प्रत मला पाठवा. आणि रविवारच्या मॉकचे मार्क तिन्ही भागांचे वेगवेगळे कळवा, नुसती बेरीज नको.