वाचक विचारतात: वावरातले ठसे अन् बाजारातला 'ड्वार्फ' ससा

प्रश्न: नमस्कार सर, आर्वी तालुक्यात आमचं वावर आहे. हरभऱ्याला पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्याजवळ (बांधाजवळ) ओल्या मातीत पावलं दिसतात, शेंडेपण कापलेले. शेजारचे म्हणतात रानमांजर, घरचे म्हणतात ससा. पोरीसाठी बाजारातून आणलेला ड्वार्फ (बुटक्या जातीचा) ससा मागच्या आठवड्यात पळाला, त्याचीच तर नसतील ना? फोटो पाठवलाय.

उत्तर: भाऊ, फोटोत काडेपेटी ठेवली हे फार बरं केलं, नाहीतर लोक नुसता मातीचा फोटो धाडतात अन् ठसा केवढा तेच कळत नाही. ससाच आहे. एकेक ठसा पाहत बसू नका, चारांची मांडणी पाहा. दोन लहान ठसे मागे, जवळपास एकामागे एक, अन् त्यांच्या पुढे दोन लांबट ठसे बाजूबाजूला. मागे दिसतात ते पुढचे पाय बरं का, कारण उडी मारताना पुढचे पाय आधी टेकतात अन् मागचे त्यांना ओलांडून पुढे पडतात, म्हणून माग काढणारे बरेच जण उलटेच निघतात. लांबट ठसे ज्या बाजूला, ससा तिकडे गेला.

मांजराचा ठसा गोल, मधे गादी, चार बोटं स्पष्ट, नखं उमटत नाहीत. सशाच्या तळव्याला गादीच नाही, नुसते केस, त्यामुळे चिखलातही ठसा पुसट. मुंगसाची नखं उमटतात. खारही उड्या मारते पण तिचे पुढचे पाय शेजारीशेजारी पडतात अन् ठसा अगदीच बारका.

शेंडे पण पाहा. सशाला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात, म्हणून काप तिरपा, ब्लेडने छाटल्यासारखा. रोही (नीलगाय) अन् शेळीला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतात म्हणून टोक चिंबलेलं राहतं. हे पाहिल्याशिवाय रोह्याला शिव्या देऊ नका (तो बाकी नुकसान करतोच).

आता पोरीचा ससा. तुमच्या फोटोत दोन उड्यांमधलं अंतर तीन हातांच्या वर दिसतं, ही रानातल्या काळ्या मानेच्या सशाची झेप आहे. पाळलेला छोटा ससा एवढ्या लांब उड्या टाकत वावरभर हिंडत नाही, घराजवळच दडतो. गोठ्यात, कुटाराच्या ढिगामागे शोधा, संध्याकाळी.

प्रश्न: काटोलला बाजारात 'ड्वार्फ, एवढाच राहतो' म्हणून ससा दिला, आता तीन महिन्यांत दोन किलोचा झाला. फसवलं का? ओळखायचं कसं?

उत्तर: हो, फसवलं. तुम्हाला साध्या जातीचं पिल्लू विकलं, अन् चार आठवड्यांचं कोणतंही पिल्लू ड्वार्फच वाटतं. खरा नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढला तरी किलोभराच्या आसपास, सशांच्या प्रदर्शनाच्या नियमात कमाल १.१३ किलो. वजनाआधी डोकं अन् कान पाहा: डोकं गोल, तोंड आखूड, डोळे मोठे, मान जवळपास नाहीच, कान साधारण ५ सेंमी, ताठ. साध्या पिल्लाचं तोंड लांबट असतं अन् कान अंगाच्या मानाने मोठे. विकणाऱ्याला वय विचारा अन् शक्य असेल तर आईबाप पाहा, पण दोन्ही ड्वार्फ असले तरी काही पिल्लांत ड्वार्फचं जनुक येतच नाही, ती मोठी होतात. ज्यांच्यात दोन्हीकडून येतं ती बारकी पिल्लं काही दिवसांतच मरतात. नर असेल अन् वृषण खाली उतरलेले दिसले तर तो अगदी लहान पिल्लू नाही, एवढं नक्की. अन् सहा आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊच नका, हगवण लागून जातं. ड्वार्फ असो की साधा, आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या शेडात ठेवला तर एका दुपारीच जाईल, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही.

प्रश्न: तूर कापताना सशाचं पिल्लू सापडलं, डोळे उघडे, आई नाही. पाळू का?

उत्तर: नाही. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ अन् डोळे उघडे, बीळ नसतंच, आई दिवसभर लांब राहते अन् बहुतेक संध्याकाळीच पाजायला येते. होतं तिथेच धुऱ्याच्या गवतात ठेवा, कुत्रं बांधून टाका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. पाळीव सशासोबत ठेवून जोडी लावू म्हणाल, तर तेही नाही जमत, दोघांच्या जातीच वेगळ्या, रानसशात गुणसूत्रं ४८ अन् पाळीवात ४४.