दोष आपणच वाचून दाखवावेत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पतसंस्थेत व्यवस्थापक म्हणून रुजू झालीस, याचा फार आनंद झाला. लेखापरीक्षकांनी काढलेले दोष वार्षिक सभेत वाचले तर ठेवीदार बिथरतील, म्हणून अहवालात ते मोघम लिहावेत, असे संचालकांचे म्हणणे असल्याचे तू कळवलेस. माझे मत याच्या नेमके उलट आहे.

सहकारी बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. भाजी विकून आलेले पैसे तुमच्या खिडकीवर भरणारी बाई केवळ तुमच्या शब्दावर ते भरते.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची हकिकत तुला ठाऊक असेलच. एका बांधकाम समूहाकडे अडकलेली कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवल्याचे तपासात उघड झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत एका खात्यातून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. त्याच दिवसांत मी एका लहान पतसंस्थेचे लेखापरीक्षण करत होतो. तिचा त्या बँकेशी काडीचाही संबंध नव्हता, तरी सकाळीच दारात रांग लागली आणि लोक मुदतीआधी पावत्या मोडू लागले. तेथील सचिवांनी गुंतवणुकीच्या मूळ पावत्या आणि थकबाकीची एकूण रक्कम, कमी-जास्त न करता, टेबलावर मांडली व विचारणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितली. काहींनी पैसे काढलेच, परंतु बरेच जण पावती पुन्हा पिशवीत ठेवून घरी गेले. थकबाकी लहान नव्हती, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ नुसार दोषदुरुस्ती अहवाल द्यावाच लागतो. मात्र त्यात ‘पूर्तता करण्यात येईल’ हे एकच वाक्य वर्षानुवर्षे उतरवलेले मी इतक्या दप्तरांत पाहिले आहे की, ते वाक्य दिसले की मी आधी मागच्या वर्षीचा अहवाल मागवत असे. तू तसे लिहू नकोस. प्रत्येक दोषापुढे तो कोणाच्या कामात राहिला, किती रक्कम गुंतली आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होईल, हे लिही. संचालकांची व त्यांच्या नातेवाइकांची कर्जे स्वतंत्रपणे दाखव, कारण सभासदांची कुजबुज बहुधा तिथूनच सुरू होते.

संचालक नाराज होतील. तुझे म्हणणे त्यांना लेखी दे आणि ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घे. ३० सप्टेंबरच्या आत सभा होईल, तोवर मसुदा तयार झाला तर मला पाठव; मी ओळ न् ओळ तपासून देईन.

तुझा शुभचिंतक